कॅमेऱ्यातील वसंत

वसंताचे वैभव रंगांत आहे. आपल्याकडे या ऋतूत पळस पेटतो आणि आम्रवृक्षाला तांबूस पालवी फुटते. युरोपात बर्फ वितळून कुरणे हिरवी होतात आणि सफरचंदाच्या बागा पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरून जातात. चित्रकाराला हा विषय सदैव प्रिय होता. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला छायाचित्रकार याच विषयाकडे वळला, तेव्हा त्याच्या हातातील यंत्र जवळजवळ रंगांध होते. त्या काळची काच निळा प्रकाश तत्काळ टिपी. हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या प्रकाशाची मात्र तिला फारशी दखल नसे. त्यामुळे आकाश कोरे पांढरे उमटे आणि कोवळी पालवी काळवंडून जाई. अशा साधनाने वसंत कसा रेखाटावा, या प्रश्नातच एक मोठा प्रश्न दडलेला होता : छायाचित्रण ही कला की निव्वळ यंत्राची करामत?

या प्रश्नाचे पहिले उत्तर चित्रकलेच्या अनुकरणातून आले. इंग्लंडमध्ये जॉन एव्हरेट मिले या चित्रकाराने फुललेल्या सफरचंदांच्या बागेतील तरुणींचे ‘स्प्रिंग’ हे चित्र १८५६ मध्ये हाती घेतले आणि १८५९ मध्ये प्रदर्शनात मांडले. फुलांचा बहर काही दिवसांचा, चित्र मात्र काही वर्षांचे! पुढे १८६२ मध्ये हेन्री पीच रॉबिन्सन याने मे महिन्यातील हॉथॉर्नची फुले घरी आणणाऱ्या ग्रामकन्यांचे मोठे छायाचित्र सिद्ध केले. रॉबिन्सन मूळचा चित्रकारच. त्याने आधी कागदावर रचना आखली, मग निरनिराळ्या आकृतींच्या स्वतंत्र निगेटिव्ह घेतल्या आणि छापताना त्या एकत्र जुळवल्या. अशी मिरवणूक कॅमेऱ्यापुढून एका क्षणी कधीच गेली नव्हती. छायाचित्रकारालाही निवड आणि मांडणी करता येते, हे त्याने दाखवून दिले. मात्र त्यासाठी वसंताला नाटकाचा पोशाख चढवावा लागला.

या कृत्रिमतेवर पीटर हेन्री एमर्सन तुटून पडला. १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘नॅचरलिस्टिक फोटोग्राफी’ या ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले की, माणसाचा डोळा एका वेळी एकाच ठिकाणी स्पष्ट पाहतो, भोवतालचे सारे किंचित धूसर असते. छायाचित्रही तसेच असावे. तुकडे जोडण्याऐवजी निसर्गासमोर उभे राहावे, हा त्याचा आग्रह. पुढे छटांचे परस्परसंबंध छायाचित्रकाराला मनाजोगे बदलता येत नाहीत, असे नव्या शास्त्रीय संशोधनावरून त्याला पटले, आणि दोन वर्षांच्या आतच त्याने छायाचित्रण ही कला असल्याचा आपला दावा जाहीरपणे मागे घेतला. गुरूने मत बदलले. त्याच्या विचारांनी भारलेले लोक मात्र पुढेच चालत राहिले.

त्यांपैकी फ्रान्समधील रॉबेर दमाशी याने डिंक, रंगद्रव्य आणि बायक्रोमेट यांचे मिश्रण कागदावर लावून छपाई केली. जिथे उजेड पडे तिथे हा लेप घट्ट होई. उरलेला पाण्याने धुऊन निघे, आणि धुताना कुंचलाही चालवता येई. अशी छायाचित्रे दुरून रेखाटनांसारखी भासत. ही कुंचल्याची ओढ एका टोकाला असताना अमेरिकेत आल्फ्रेड स्टिग्लिट्झ याने दुसरी वाट दाखवली. १९०० च्या सुमाराचे त्याचे ‘स्प्रिंग शॉवर्स’ हे छायाचित्र पाहावे. उंच, अरुंद चौकट. पावसाने ओला झालेला न्यूयॉर्कचा रस्ता. कठड्यात जपलेले एक बारीकसे झाड. जवळच झाडणारा सफाई कामगार. मागे धुक्यात विरलेली रहदारी. या वसंतात फुलांचा थाट नाही. जपानी मुद्राचित्रांतील मोकळ्या जागेचे मर्म येथे दिसते. परंतु उसने घेतले आहे ते चित्रकाराचे पाहणे, त्याचा कुंचला नव्हे.

रंगाची उणीव १९०७ मध्ये भरून निघाली. त्या वर्षी फ्रान्सच्या ल्यूमिएर बंधूंची ‘ऑटोक्रोम’ काच बाजारात आली. बटाट्याच्या पिठाचे अतिसूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळट रंगांत रंगवून ते काचेवर पसरलेले असत. त्यांतून गाळून आलेला प्रकाश चित्र उमटवी. हे कण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत मिसळत आणि ठिपक्यांनी रंगवणाऱ्या फ्रेंच चित्रकारांची आठवण करून देत. ऑस्ट्रियात हाइन्‍रिख क्यून याने आपल्या मुलांना विचारपूर्वक निवडलेले कपडे घालून टिरोलच्या कुरणांत उभे केले आणि रंगांचा मेळ साधला. तरीही काच मंद होती. वाऱ्याने फांदी हलली की फुले पुसट होत.

१९१७ मध्ये स्टिग्लिट्झच्या ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकाचा अखेरचा अंक निघाला. पॉल स्ट्रँडची त्यातील छायाचित्रे करकरीत आणि स्पष्ट होती. चित्राचा आभास निर्माण करण्याची हौस ओसरली होती. पण म्हणून आधीचे सारे श्रम वाया गेले, असे मानणे अन्यायाचे ठरेल. चौकट कुठे तोडावी, काय धूसर ठेवावे, रिकाम्या जागेला किती मान द्यावा, हे छायाचित्रकार चित्रकाराच्या शाळेतच शिकला. त्या शाळेत रॉबिन्सनने फुलांच्या जुड्या जमवल्या. स्टिग्लिट्झला मात्र पावसात भिजलेले एक झाड पुरले. वसंत पाहणाऱ्याच्या नजरेत असेल, तर रंगांध काचेवरही तो उमटतो, ही गोष्ट त्या एका झाडाने सिद्ध केली.