२३ ऑगस्ट : चंद्राच्या मातीला विद्यार्थ्यांचे फावडे

२०२३ मध्ये आजच्या दिवशी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले आणि पुढे त्यातल्या ‘प्रज्ञान’ या बग्गीला तिथल्या मातीत गंधक आढळले. ही माती वापरायची तर आता कसोटी खोदाईची आहे. चंद्रावर वजन पृथ्वीच्या एक षष्ठांश भरते. त्यामुळे फावडे मातीत घुसण्याऐवजी हलका रोबोच मागे रेटला जातो आणि बारीक, धारदार धूळ सांध्यांत शिरते. ‘नासा’ २०१० पासून एका स्पर्धेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या रोबोंकडून कृत्रिम चांद्रमातीत हीच खोदाई करून घेते. शनिशिंगणापूरच्या शेतकऱ्याला याचा काय उपयोग, हा आक्षेप रास्त आहे. पण कमी विजेवर, धुळीत न अडखळता चालणारे हलके यंत्र त्याच्या शिवारालाही हवेच आहे. म्हणून अशा स्पर्धा जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत व्हायला हव्यात.