अंतराळयुद्धातून हिंगोलीकडे

एपिक्स या नियंत्रण-प्रणालीचा जन्म एका अस्त्राच्या तयारीत झाला. १९८३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी शत्रूची क्षेपणास्त्रे वाटेतच निकामी करण्याची योजना जाहीर केली. जगाने तिला ‘स्टार वॉर्स’ म्हटले. तिच्यातल्या कणझोताची चाचणी घेण्यासाठी न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत एक त्वरक उभा राहत होता. त्याचे चुंबक, पंप, झडपा यांच्याकडून आकडे घ्यायचे आणि त्यांना हुकूम द्यायचे, यासाठी बॉब डॅलेसिओ आणि सहकाऱ्यांनी सॉफ्टवेअर लिहिले.

हार्डवेअरबाबत प्रयोगशाळांचे आधीच जमले होते. १९६९ मध्ये युरोपात कॅमॅक हे मानक ठरले आणि एका प्रयोगशाळेत बनलेले कार्ड दुसरीच्या रॅकमध्ये बसू लागले. सॉफ्टवेअर मात्र जो तो आपापले लिही. यंत्र मोडीत निघाले की तेही जाई.

लॉस अलामॉसच्या मंडळींनी हे चक्र तोडले ते कसे, हे नीट पाहण्यासारखे आहे. नियंत्रणकक्षातल्या पडद्याला एका चुंबकातला विद्युतप्रवाह हवा आहे, असे समजा. तो चुंबक कोणत्या संगणकाला जोडलेला आहे, हे पडद्याला ठाऊक नसते. तो नेटवर्कवर फक्त नाव पुकारतो. ते नाव ज्या संगणकाकडे असेल तो उत्तर देतो आणि जोडणी होते. मग पुन्हा पुन्हा विचारावे लागत नाही. आकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे हलला की नवा आकडा आपण होऊन येतो. यंत्राजवळच्या संगणकात असतात ‘रेकॉर्ड’: कोणते कार्ड वाचायचे, किती वेळाने, कोणत्या आकड्याला इशारा द्यायचा, हे रकाने भरून सांगायचे. नेहमीच्या कामासाठी प्रोग्राम लिहावाच लागत नाही. माझ्या मते एपिक्सच्या दीर्घायुष्याचे कारण इथेच आहे. मूळ सॉफ्टवेअरला यंत्र कशासाठी आहे हे माहीतच नव्हते, म्हणून अस्त्र गेले तरी ते उरले.

शिकागोजवळच्या अर्गॉन प्रयोगशाळेला तेव्हा १,१०४ मीटर परिघाच्या क्ष-किरण यंत्रासाठी नियंत्रण-प्रणाली हवी होती. तिथल्या मार्टी क्रेमर यांनी लॉस अलामॉसचे काम पाहिले आणि दोन्ही प्रयोगशाळा ते मिळून पुढे नेऊ लागल्या. लॉस अलामॉसचा तो त्वरक पुढे रद्द झाला. सुरुवातीला यंत्राजवळच्या संगणकांना व्हीएक्सवर्क्स ही विकतची प्रणाली लागे. नंतर एपिक्स लिनक्सवरही चालू लागले आणि २००४ मध्ये ते मुक्त परवान्याखाली आले. केवळ प्रयोगशाळांपुरत्या सहकार्याचे दार त्यामुळे सर्वांना उघडले, आणि मला हा टप्पा तंत्रातल्या कोणत्याही सुधारणेइतकाच मोलाचा वाटतो.

आज फ्रान्समधला ईटर हा संलयन-प्रकल्प एपिक्सवर आधारलेला आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळाही ते वापरतात: चार किलोमीटर लांबीच्या भुजांमधले आरसे अतिवेगाने सावरणारी यंत्रणा वेगळी, पण तिला सूचना देणे आणि तिची स्थिती पाहणे एपिक्सच्या नावांमधून चालते. हॅनफर्डच्या वेधशाळेतली नावे ‘एच१’ने सुरू होतात, लिव्हिंग्स्टनची ‘एल१’ने. तिसरी जोडीदार वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. तिथे काम करू इच्छिणाऱ्या मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला वेधशाळा उभी राहण्याची वाट पाहायला नको. एपिक्स फुकट उतरवता येते, साध्या लॅपटॉपवर चालते, आणि त्यातला पहिला रेकॉर्ड महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या एखाद्या तापमापकासाठीही लिहिता येतो.