सपाट रस्ता कुणी केला? उमरोळी ते वाढवण, सायकलवरून

आजचा एपिसोड सायकलवाल्यांसाठी आहे. ज्यांची सायकल दहावीनंतर गॅलरीत धूळ खात पडलीय, त्यांच्यासाठी पण आहे.

मी उमरोळीचा. पालघर आणि बोईसरच्या मधलं छोटं स्टेशन. मुंबई-पुण्याच्या सायकलवाल्यांशी बोलणं झालं की पहिला प्रश्न ठरलेला, "तुमच्याकडे घाट कुठला?" किनाऱ्याच्या बाजूला घाट नाहीच. केळव्याकडून डहाणूपर्यंत समुद्राच्या बाजूने जा, स्ट्रावावर चढाची रेघ जवळजवळ आडवीच दिसते. मग समोरचा म्हणतो, "अरे, मग काय, सोप्पं आहे!"

आज त्या 'सोप्पं'बद्दलच बोलायचंय. हा सपाट रस्ता आपोआप तयार झालेला नाही. थोडा समुद्राने केलाय, थोडा वाऱ्याने आणि बराचसा माणसांनी. आणि 'सपाट आहे म्हणजे रिकामं आहे' असं समजणाऱ्यांमुळे आज इथे मोठा वाद चालू आहे.

वाळूची पट्टी

रेल्वेलाइनपासून पश्चिमेला निघा आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत चला. आधी भातशेती लागते. मग जमीन अजून खाली जाते, चिखल, तिवरं, मिठागरं आणि खाड्या. याला आपण खाजण म्हणतो. आणि मग समुद्र जवळ आल्यावर जमीन पुन्हा हलकीशी वर येते. पायांना फारसं कळतही नाही, पण आजूबाजूचं चित्र बदलतं. नारळ, केळी, पानवेलीच्या वाड्या, विहिरी, दाट वस्ती. केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटी ही सगळी गावं या उंचवट्यावर आहेत.

हा उंचवटा म्हणजे जुन्या वाळूच्या टेकड्या. लाटांनी वाळू आणून टाकली, वाऱ्याने ती रचली. गंमत म्हणजे समुद्राला चिकटून असलेल्या या पट्टीत विहिरींना गोडं पाणी लागतं आणि आतल्या खाजणात खारं. कारण पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. वाळू काढून टाकली किंवा पाण्याचा जास्त उपसा केला तर खारं पाणी वर येतं. म्हणजे ही वाळू गावाची पाण्याची टाकीच आहे.

पूर्वी उधाणाच्या भरतीला मागचं खाजण भरलं की ही पट्टी जवळपास बेटासारखीच होत असणार. दक्षिणेला वसई तर खरोखरच बेट होतं. एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला वैतरणा आणि मधून सोपाऱ्याची खाडी. अर्नाळ्याचा किल्ला आजही बेटावर आहे, तिथे होडीनेच जावं लागतं.

अशा ठिकाणी डांबरी रस्त्याच्या आधी चांगला रस्ता कुठला? ओहोटीची वाळू. पाणी मागे गेलं की ओली वाळू कडक होते, त्यावर चाक रुतत नाही. केळव्याच्या किनाऱ्यावर आजही ओहोटीला सायकल मस्त पळते. तीच सायकल कोरड्या वाळूत नेली की जागेवर थांबते. फक्त हा रस्ता दिवसातून दोनदा बुडतो!

किल्ले खाड्यांच्या तोंडाशी का?

आता गूगल मॅप उघडा आणि या किनाऱ्यावरचे किल्ले शोधा. अर्नाळा, दातिवरे, केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू. बहुतेक ठिकाणी जवळपास एखादी खाडी किंवा नदीचं मुख आहे. जिथे डोंगर आहेत तिथे घाटावर पहारा बसतो. आपल्याकडे डोंगर नाहीत, म्हणून पहारा पाण्याच्या वाटेवर.

1534 च्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांकडे आली आणि पुढची दोनशे वर्षं या पट्टीवर त्यांचा अंमल राहिला. 1737 मध्ये चिमाजी अप्पांची मोहीम सुरू झाली. साष्टी आणि अर्नाळा लवकर मिळाले, पण माहीम पहिल्या प्रयत्नात पडलं नाही, कारण पोर्तुगीजांची कुमक समुद्रातून येत होती. शेवटी 1739 च्या जानेवारीत माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर असे एकेक किल्ले घेतले गेले. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्यानंतर सगळा जोर वसईवर आला आणि मे महिन्यात वसई शरण आली.

शाळेत आपण या मोहिमेला 'वसईची लढाई' एवढंच म्हणतो. सायकलवरून गेलात तर कळतं की ही एकामागून एक खाड्या जिंकायची लढाई होती. आज जो पूल आपण वीस सेकंदांत ओलांडतो, तिथे सैन्याला भरती-ओहोटीचा हिशोब करावा लागत होता.

रेल्वे आली, पण गावापासून लांब

1864 मध्ये मुंबई आणि गुजरात रेल्वेने जोडले गेले. रूळ किनाऱ्यापासून बरेच आत टाकले, कारण समुद्राजवळून न्यायचे तर प्रत्येक खाडीच्या रुंद तोंडावर पूल बांधायला लागला असता. परिणाम काय, तर जुनी मोठी गावं वाळूच्या पट्टीवर आणि स्टेशनं सात-आठ-दहा किलोमीटर आत. पालघर-माहीम, पालघर-सातपाटी, बोईसर-तारापूर, सगळीकडे हेच.

हे अंतर चालायला जास्त आणि बैलगाडीने वेळखाऊ. सायकलसाठी मात्र अगदी मापातलं! चढ नाही, गिअर नको, साधी काळी चोवीस इंची सायकल पुरते. आमच्याकडे सायकल खेळ म्हणून आली नाही, ती खाजण ओलांडायचं साधन म्हणून रुजली. आपण आज हेल्मेट घालून ज्याला 'राइड' म्हणतो, ती इथे कुणाची तरी रोजची ड्यूटी होती आणि काहींची अजून आहे.

हे रस्ते अजून एका गोष्टीचे साक्षीदार आहेत. 14 ऑगस्ट 1942 ला गावोगावचे लोक पालघरच्या कचेरीवर मोर्चा घेऊन आले. गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यात सातपाटी, मुरबे, नांदगाव या किनाऱ्यावरच्या गावांतले लोक होते. पालघरला ज्या पाचबत्तीला वळसा घालून आपण पुढे जातो, त्या पाच बत्त्या त्यांच्या आहेत. पुढच्या वेळी दोन मिनिटं थांबा.

वारा हाच आमचा घाट

आता 'सोप्पं आहे' म्हणणाऱ्यांसाठी थोडं फिजिक्स. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. तुम्ही ताशी 20 ने चाललाय आणि समोरून ताशी 20 चा वारा आला, तर अंगावर 40 ची हवा येते. विरोध दुप्पट नाही, चौपट! दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे सुटले की सपाट रस्त्यावर घाट चढल्यासारखे पाय भरून येतात. आणि घाटाला माथा असतो, उतार असतो. वाऱ्याला काहीच नसतं. म्हणून इकडची राइड पहाटे सुरू करायची.

नेदरलँड्समध्येही असाच सपाट, वाळूच्या टेकड्यांचा किनारा आहे. तिथे 2013 पासून चक्क उलट्या वाऱ्यात सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धा होते. वादळाचा अंदाज आला की मगच तारीख जाहीर होते. सायकली साध्या, बिनगिअरच्या. अंतर फक्त साडेआठ किलोमीटर.

ही स्पर्धा होते कुठे? समुद्र अडवायला बांधलेल्या एका प्रचंड बंधाऱ्यावर. 1953 च्या पुरात तिथे 1,836 माणसं गेली, त्यानंतर तो बांधायचं ठरलं आणि 1986 मध्ये तो सुरू झाला. म्हणजे त्यांचा सपाट रस्तासुद्धा कुणीतरी समुद्र रोखून धरलाय म्हणून आहे.

आपल्याकडेही तेच, फक्त छोट्या मापात. शेताभोवतीचा मातीचा बांध, त्यातली पाणी सोडायची उघाडी, सातपाटीचा धूपप्रतिबंधक बंधारा, वाळू धरून ठेवायला लावलेली सुरूची झाडं. खारजमिनीसाठी 1979 चा वेगळा कायदाच आहे. बांध एक पावसाळा दुर्लक्षित राहिला तरी शेतात खारं पाणी शिरू शकतं.

मग वाद कशाचा?

सपाट किनारा नकाशावर रिकामा दिसतो. 1969 मध्ये तारापूरला देशातलं पहिलं अणुऊर्जा केंद्र सुरू झालं. पुढे त्याच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं हलवावी लागली. रिकामं नव्हतं ना ते!

आता चिंचणीच्या पुढे, वरोर ओलांडून वाढवण. 1991 मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1996 मध्ये खास प्राधिकरण नेमलं गेलं. त्याच प्राधिकरणाने 1998 मध्ये वाढवणच्या बंदराला नकार दिला आणि 2023 मध्ये नव्या आराखड्याला परवानगी दिली. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये पंतप्रधानांनी भूमिपूजन केलं. खर्च सुमारे 76,000 कोटी. समुद्रात भराव टाकून जवळपास 1,448 हेक्टर नवी जमीन करायची योजना आहे.

सरकारचं म्हणणं, रोजगार येईल, मोठी जहाजं येतील. मच्छीमार आणि डायमेकर म्हणतात, आमची मासेमारीची जागा आणि कामधंदा जाईल. "एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द" ही घोषणा तुम्ही भिंतींवर वाचली असेल. माझ्या बरोबरच्या मुलांमध्येही दोन्ही बाजू आहेत. नोकरीसाठी रोज चर्चगेटपर्यंत लोंबकळत जाणाऱ्याला बंदर हवंसं वाटलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

माझा मुद्दा एवढाच. वाळू एका जागेहून दुसरीकडे जात असते, ती अडवली की कुठेतरी साठते आणि कुठेतरी कमी होते. ज्या पट्टीवर आपल्या विहिरी, वाड्या आणि रस्ते उभे आहेत, तिचं काय होईल हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. मोजमाप प्रसिद्ध करा, दरवर्षी करा, मराठीत करा. एवढं मागायला बंदराच्या बाजूचं किंवा विरोधातलं असायची गरज नाही.

जाता जाता एक प्लॅन. 2025 मध्ये विरार आणि जलसारच्या मध्ये रो-रो फेरी सुरू झाली, त्यामुळे वैतरणेला हायवेवरून मारावा लागणारा लांबचा वळसा वाचतो. वेळापत्रक आधी बघून घ्या. सायकल बोटीवर चढवा, पलीकडे उतरा, केळवे-माहीम करत पालघरला या आणि लोकलने परत जा. भरती-ओहोटीच्या वेळा मोबाइलवर सेव्ह करा, पाणी दोन बाटल्या घ्या. आणि वाटेत जितके पूल लागतील तितके मोजा. आकडा कमेंटमध्ये टाका, सोबत प्रत्येक खाडीचं नाव गावातल्या कुणाला तरी विचारून लिहा. मॅपवर बऱ्याच खाड्यांची नावंच नाहीत, आपण यादी करू.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत हवा चेक करा, टायरमधली पण आणि बाहेरची पण!