आंग्ल नाटकांचा काळ आणि डिलाईल रोडचे विद्यार्थी

मुंबईंतील डिलाईल रोड या रस्त्यास आज नारायण मल्हार जोशी मार्ग असें नांव आहे. तथापि लोकांच्या तोंडीं जुनेंच नांव चालतें. हा भाग गिरणी कामगारांच्या दाट वस्तीचा. 1920 सालानंतर सरकारी विकासखात्यानें येथें 32 चाळी उभारल्या. त्या बी. डी. डी. चाळी या नांवानें प्रसिद्ध झाल्या. प्रत्येक चाळींत 80 खोल्या, आणि खोली सुमारें 160 चौरस फुटांची. गिरण्या बंद पडल्या, चाळी पाडून पुनर्विकास सुरू झाला. परंतु कामगारांचीं नातवंडें अद्यापि याच भागांतील शाळांत शिकतात. अशा चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपुढें शेक्सपिअरचें नाटक मांडतांना त्यामागील इतिहास कितपत व कोणत्या रीतीनें सांगावा, हा प्रश्न प्रस्तुत लेखकास अध्यापनाच्या काळांत वारंवार पडला. त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

मराठींत हा प्रश्न नवा नाहीं. महादेवशास्त्री कोल्हटकर यांचें ‘ऑथेल्लो’ 1867 सालीं प्रसिद्ध झालें. गोपाळ गणेश आगरकर यांचें ‘विकारविलसित’ 1883 सालीं, आणि गोविंद बल्लाळ देवल यांचें ‘झुंजारराव’ 1890 सालीं आलें. आगरकरांनीं हॅम्लेटचा चंद्रसेन केला, देवलांनीं ऑथेल्लोस मराठी सरदाराचा वेष दिला. रंगभूमीच्या दृष्टीनें हें योग्यच होतें. शाहूनगरवासी मंडळींत गणपतराव जोशी चंद्रसेन म्हणून उभे राहिले, तेव्हां प्रेक्षकांस डेन्मार्कचा नकाशा पाहण्याची गरज पडली नाहीं. परंतु रंगभूमीनें सोयीसाठीं जें वगळलें तें वर्गांतही वगळलें गेलें, आणि तेथें मात्र हानि झाली. नाटक म्हणजे विकारांचा खेळ, इतकेंच मुलाच्या हातीं उरलें. मॅक्बेथ वाचून तो ‘महत्त्वाकांक्षा वाईट’ असें उत्तर लिहितो व गुण मिळवितो. मृच्छकटिक शिकवितांना उज्जयिनीचें द्यूतगृह, गणिकावास व न्यायसभा यांची माहिती दिल्यावांचून कोणी शास्त्री पुढें जाणार नाहीं. मग इंग्रजी नाटकाबाबत हा नियम कां सोडावा?

खुद्द ‘विकारविलसिता’चा जन्म तरी इतिहासाबाहेर कोठें झाला? कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांच्या छळाच्या प्रकरणांत दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध मजकूर छापल्याबद्दल टिळक व आगरकर यांस 1882 सालीं शिक्षा झाली, आणि त्यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत 101 दिवस काढिले. याच तुरुंगवासांत आगरकरांनीं हॅम्लेटच्या भाषांतराचें काम केलें. एका राजपुत्राची बाजू घेतल्यामुळें कैदेंत पडलेला संपादक दुसऱ्या राजपुत्राची व्यथा मराठींत आणीत होता, एवढें सांगितलें तरी विद्यार्थी पुस्तकाकडे निराळ्या दृष्टीनें पाहूं लागतो.

आतां पद्धतीविषयीं. प्रथम कालनिर्णय करावा. शेक्सपिअर ज्या ग्लोब नाटकगृहाचा एक भागीदार होता तें 1599 सालीं उभें राहिलें. त्याच वर्षीं पैठणास एकनाथांनीं देह ठेविला. 1600 च्या ऑगस्टांत अहमदनगरचा किल्ला अकबराच्या फौजेनें घेतला. त्यापूर्वीं कांहीं दिवसच चांदबिबी स्वकीयांच्या हातून मारली गेली होती. त्याच वर्षाच्या 31 डिसेंबर रोजीं राणी एलिझाबेथनें ईस्ट इंडिया कंपनीस सनद दिली. मुंबई तेव्हां पोर्तुगीजांकडे होती. हे सन फळ्यावर शेजारीं शेजारीं लिहिले म्हणजे मुलास दिसतें कीं, ज्या इंग्लंडांत हीं नाटकें झालीं तें जगाचें राज्य करणारें इंग्लंड नव्हतें. इंग्रजी नाटकाचें मोठेपण आणि इंग्रजी राज्याचें मोठेपण हीं एकच होत, हा समज त्यानें ढिला पडतो.

दुसरें, नाटकगृह. ग्लोबच्या अंगणांत एक पेनी देऊन उभ्यानें नाटक पाहणारा शागीर्द व हमाल असे. सज्जांत बसणारास अधिक द्यावे लागत. खेळ दुपारीं, उघड्या आकाशाखालीं व पडद्यांवांचून होई. स्त्रियांच्या भूमिका मुलगे करीत. लंडनच्या धंदेवाईक रंगभूमीवर स्त्री आली ती 1660 सालीं. डिलाईल रोडच्या पुष्कळ कुटुंबांचें मूळ कोंकणांत आहे, आणि ज्या मुलानें गांवच्या जत्रेंत दशावतार पाहिला आहे त्यास हें विचित्र वाटत नाहीं. एका बाकाचें सिंहासन कसें होतें व पुरुष रात्रभर राणी कसा होतो, हें तो शिक्षकापेक्षां चांगलें सांगतो. मात्र साम्य दाखवून थांबूं नये, भेदही दाखवावा. दशावतार देवाच्या उत्सवाशीं बांधलेला आहे. ग्लोब हा भागीदारांचा धंदा होता, आणि शहराच्या अधिकाऱ्यांचा नाटकांस विरोध असल्यामुळें तो नदीपलीकडे, त्यांच्या हुकमतीबाहेर थाटला होता.

तिसरें, रोगराई. रोमिओ आणि ज्युलिएट यांचा नाश कां होतो, असें विचारतांच मुलें ‘दोन घराण्यांचें वैर’ असें म्हणतात. तें खरेंच; परंतु शेवटचा घाव निराळा आहे. पत्र घेऊन निघालेला साधु ज्या घरीं गेला, तेथें सांथ असल्याच्या संशयावरून पहारेकऱ्यांनीं दारें बंद केलीं, आणि पत्र पोंचलें नाहीं. 1592 पासून दोन वर्षें सांथीमुळें लंडनचीं नाटकगृहें बहुतेक काळ बंद होतीं. हें नाटक त्यानंतर लौकरच झालें. त्या प्रेक्षकांस बंद दाराचा अर्थ सांगावा लागला नसेल. 1896 च्या सप्टेंबरांत मुंबईंत मांडवीस ग्रंथिज्वर निघाला. 1897 सालीं सांथीचा कायदा झाला, 1898 सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. तोच 1897 चा कायदा 2020 च्या मार्चांत महाराष्ट्रांत पुन्हां लागू झाला व इमारती बंद करण्यांत आल्या. ज्यांनीं लहानपणीं तें अनुभविलें त्या मुलांस हा प्रवेश योगायोगाचा वाटत नाहीं.

चौथें, राजसत्तेचा अंकुश. 7 फेब्रुवारी 1601 रोजीं अर्ल ऑफ इसेक्सच्या पक्षपात्यांनीं नेहमीच्या मिळकतीवर 40 शिलिंग अधिक देऊन राजा रिचर्डच्या पदच्युतीचें नाटक करविलें. दुसऱ्या दिवशीं बंड झालें, फसलें, आणि इसेक्सचें डोकें उडविण्यांत आलें. दुसऱ्या रिचर्डवरील शेक्सपिअरच्या नाटकांतील राज्यत्यागाचा भाग राणी हयात असेपर्यंतच्या आवृत्त्यांत छापलेला नाहीं. तो 1608 सालीं प्रथम दिसतो. याशेजारीं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें ‘कीचकवध’ ठेवावें. 1907 सालीं रंगभूमीवर आलेलें हें नाटक, त्यांत कर्झनशाहीची छाया दिसल्यावरून, सरकारनें 1910 सालीं बंद केलें. येथेंही भेद आहेच: एके ठिकाणीं स्वदेशीय राणी, दुसरे ठिकाणीं परकी सत्ता. पण जुन्या कथेच्या आडून वर्तमान बोलतें, हें दोहोंकडे सारखें.

पांचवें, साधनांची छाननी. इतिहासांतला मॅक्बेथ 1040 पासून 1057 पर्यंत, म्हणजे 17 वर्षें, राज्य करीत होता. डंकन झोंपेंत नव्हे, लढाईंत पडला. बँको हा पुरुष हेक्टर बोएस याच्या 1527 च्या ग्रंथांत प्रथम अवतरतो आणि हॉलिनशेडच्या बखरींतून नाटकांत येतो. 1603 सालीं गादीवर आलेला पहिला जेम्स स्वतःस बँकोचा वंशज मानीत असे. तेव्हां नाटकांत बँको निष्पाप कां, हें उघड आहे. वंशावळींची अशी जुळणी आपल्या बखरींच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीं. पंधरा वर्षांच्या मुलास ही छाननी एकदां साधली म्हणजे तो कोणत्याही कथेस ‘हें कोणी, केव्हां व कोणासाठीं लिहिलें’ असें विचारूं लागतो.

यावर असा आक्षेप येईल कीं, विकार सार्वकालिक असतां हा भार मुलांवर कशास? उत्तर असें कीं, विकार सार्वकालिक असले तरी ते प्रकट होतात ते विशिष्ट काळाच्या दारांतून. ज्यास तें दार दिसत नाहीं त्यास नाटक हें परक्या, उच्च लोकांचें सुभाषित वाटतें. तो तें पाठ करितो, त्याविषयीं मत देण्याचें धैर्य करीत नाहीं. अंगणांत उभा राहणारा शागीर्द दिसला म्हणजे गिरणी कामगाराच्या नातवास त्या प्रेक्षकांत आपलीही जागा सांपडते. वेळही फार लागत नाहीं. एका नाटकामागें तीन निश्चित गोष्टी पुरेशा आहेत.

शेवटीं एक विनंति. सोशल सर्व्हिस लीगचें परळ येथील दामोदर नाट्यगृह 1922 सालीं उभें राहिलें, आणि कामगार वस्तींतील हौशी मंडळ्यांनीं तेथें अनेक वर्षें नाटकें केलीं. त्यांत स्त्रीभूमिका कोणी केल्या, तिकीट काय होतें, कोणतें वाक्य गाळावें लागलें, हे प्रश्न विद्यार्थ्यांनीं आपल्या घरच्या वृद्धांस विचारावे असा अभ्यास शिक्षकांनीं द्यावा. चाळी रिकाम्या होतांना जुन्या ट्रंका उघडल्या जातात, आणि त्यांतील हस्तपत्रिका, फोटो व हिशेबाच्या वह्या रद्दींत जातात. एलिझाबेथकालीन रंगभूमीची पुष्कळशी माहिती हेन्स्लो नांवाच्या एका नाटकगृहमालकाच्या हिशेबाच्या वहीवरून मिळाली आहे. ज्या वाचकांच्या घरीं असे कागद असतील त्यांनीं ते एखाद्या संग्रहालयाकडे अथवा संशोधन मंडळाकडे पोंचते करावे.