गझलनवाज आणि नावाजणे

भीमराव पांचाळे अमरावती जिल्ह्यातल्या आष्टगावचे. त्यांच्या नावाआधी ‘गझलनवाज’ हे बिरुद आता असं मुरलं आहे, की पत्रिकेवर ते नसलं तर छापायचं राहिलं असं वाटावं. वाचणारा त्याचा अर्थ ‘मोठा गझलगायक’ असा लावतो आणि पुढे सरकतो. अर्थ चुकत नाही; पण त्यातली गोडी निसटते.

फारसीत ‘नवाख्तन’ हे क्रियापद आहे. कुरवाळणं, माया करणं हा त्याचा एक अर्थ आणि वाद्य वाजवणं हा दुसरा. ‘नवाज’ त्यातूनच आला. गरीबनवाज म्हणजे गरिबांवर माया करणारा. शहनाईनवाज, सितारनवाज यांतला नवाज मात्र वाजवणारा. तारेवरून फिरणारा हात आणि पाठीवरून फिरणारा हात, दोन्हींना एकच शब्द! आता गझल काही वाद्य नव्हे. मग गझलनवाज वाजवणारा की लाड करणारा? माझा कौल दुसऱ्या अर्थाला. शेराची पहिली ओळ घोळवत, ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवून दुसरी ओळ हातची राखणाऱ्या गायकाला आणखी काय म्हणायचं?

हा शब्द वऱ्हाडाला परका वाटला नाही, यात नवल नाही. अचलपूर ही इमादशाहीची राजधानी होती. पुढे हा मुलूख निजामाकडे गेला आणि १८५३ साली इंग्रजांच्या कारभारात आला. अचलपूर काय, अकोल्याकडचं बाळापूर काय, फारसी इथे कागदोपत्री पिढ्यान्‌पिढ्या नांदली. आणि मराठीने ‘नवाज’ आधीच घरात घेतला होता. जुन्या पत्रांतलं ‘नवाजिले’ म्हणजे मेहेरबानी केली, मान दिला. त्याचंच आपलं ‘नावाजणे’. ‘नावाजलेला वकील’ म्हणताना आपल्याला त्यात ‘नाव’ ऐकू येतं, जमल्यास ‘गाजणे’ही. म्हणून तर ‘न’चा ‘ना’ झाला असावा. शब्द परका; पण त्याला इथलं गोत्र चिकटलं.

‘गझल’चं असंच. माधव जूलियन यांनी ‘गज्जल’ लिहिलं. त्यांचा संग्रहच ‘गज्जलांजलि’. अमरावतीत १९३२ साली जन्मलेल्या सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून नवख्यांना वाट दाखवली, आणि रूढ झाली ती ‘गझल’. तो दुहेरी ज्ज कानाला जरा जडच होता, हे कबूल करायला हवं.

पांचाळ्यांच्या एका अल्बमचं नाव ‘एक जखम सुगंधी’. ‘जखम’ फारसी, ‘सुगंधी’ संस्कृत, आणि जोड कुठे दिसत नाही. ‘अल्बम’ची कुळी लॅटिन: ‘आल्बुस’ म्हणजे पांढरा. रोमन लोक जाहीर सूचना ज्या पांढऱ्या फळीवर लिहीत, ती आल्बुम. नंतर कोऱ्या पानांची वही, मग फोटोंची. एका बाजूला तीन-चार मिनिटांचंच गाणं मावे अशा जुन्या तबकड्या वहीसारख्या बांधून विकू लागले, तेव्हा तोच शब्द गाण्यांना मिळाला. पानं गेली, तबकड्याही गेल्या, अल्बम उरला. आपली ‘तबकडी’ अरबी तबकाची लेक. ‘ध्वनिफीत’ त्याहून मजेदार: ध्वनी संस्कृत, फीत पोर्तुगीज. शुद्ध मराठी म्हणून आपण ती मिरवली!

शब्दांचे असे लाड गझलेबाहेरही होतात. फ्रेंचांचं ‘शांसों’ म्हणजे तसं पाहिलं तर नुसतं गाणं. पण जगाने तो शब्द उचलला तो एका खास गाण्यासाठी, जिथे चाल शब्दांना वाट करून देते. फ्रेंच गायक जॉर्ज ब्रासँसने व्हियों, ह्यूगो यांच्या कवितांना चाली लावल्या. त्याला ‘शांसोंनवाज’ म्हणायला माझी हरकत नाही. तो गिटारही वाजवत असे, त्यामुळे फारसीतले दोन्ही अर्थ त्याला लागू पडतात.