सहा बटणांचा पेच

'स्ट्रीट फायटर टू' 1991 साली आर्केडमध्ये आला आणि 1992 मध्ये सुपर निन्टेन्डोच्या 16 मेगाबिट कार्ट्रिजमधून घरात शिरला. पिंपं फोडायचा टप्पा त्यात गाळला होता, म्हणून ही आवृत्ती अधुरी, असं कुणी म्हणेल. पण अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं 1936 साली बर्लिनला मल्लखांब दाखवला, तेव्हा आखाडा इकडेच राहिला. खांबाशिवाय मात्र भागलं नसतं. 'स्ट्रीट फायटर टू'चा खांब म्हणजे सहा बटणं: तीन ठोशांची, तीन लाथांची. सुपर निन्टेन्डोच्या पॅडवर ती होती, दोन खांद्यांवर. सेगाच्या मेगा ड्राइव्हच्या मूळ पॅडवर तीनच. ठोशावरून लाथेवर यायला स्टार्ट दाबा, तोवर समोरचा हाणून मोकळा! अखेर 1993 मध्ये सेगानं सहा बटणांचं पॅड काढलं.