फायबर चॅनेल, लिनक्स आणि आभासी पोर्ट : ओळखीच्या नोंदीचा इतिहास

प्रस्तावना :
गोल्डस्मिड व विंगेट यांची नवी जमाबंदी १८३६ मध्ये प्रथम इंदापूर तालुक्यात लागू झाली. निमगाव केतकी याच तालुक्यातील गाव. सर्व्हे नंबर हे जमिनीच्या ओळखीचे एकक ठरले. पुढे एका नंबरात अनेक हक्कदार आल्यावर पोटहिस्से स्वतंत्रपणे नोंदविणे भाग पडले. हाच प्रश्न संगणकीय साठवणुकीत कसा उद्भवला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रत्यक्ष पोर्ट :
१९९४ मध्ये अमेरिकन मानक म्हणून मान्य झालेल्या फायबर चॅनेल पद्धतीत सर्व्हर व साठवण यंत्रे स्विचद्वारे जोडली जातात. सर्व्हरमधील अ‍ॅडॅप्टर कार्डाच्या प्रत्येक पोर्टला ६४ बिटांचे जागतिक नाव असते. कोणत्या सर्व्हरला कोणती डिस्क दिसावी, हे बहुधा या नावावरूनच ठरविले जाते. परंतु एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालू लागली, तेव्हा स्विचच्या दृष्टीने त्या सर्वांचे नाव एकच राहिले.

आभासी पोर्ट :
यावरील उपाय म्हणजे एनपीआयव्ही. आयबीएमच्या सिस्टिम झेड९ या २००५ च्या मेनफ्रेमवर ही सोय उपलब्ध होती. लिनक्समध्ये ती २००७ च्या २.६.२२ या आवृत्तीपासून आली. प्रत्यक्ष पोर्ट स्विचकडे आपली नोंद करतो; त्यानंतर त्याच तारेवरून प्रत्येक आभासी पोर्टची वेगळी नोंद होऊन त्यास २४ बिटांचा वेगळा पत्ता मिळतो. लिनक्सचा प्रशासक 'व्हीपोर्ट_क्रिएट' या फाइलीत नाव लिहून पोर्ट निर्माण करतो व 'व्हीपोर्ट_डिलीट' मध्ये तेच लिहून तो काढून टाकतो. आभासी यंत्र दुसऱ्या सर्व्हरवर हलविल्यास नावही सोबत नेता येते.

मर्यादा :
प्रत्यक्ष पोर्ट बंद पडल्यास त्यावरील सर्व आभासी पोर्ट बंद पडतात. म्हणून दुसऱ्या प्रत्यक्ष पोर्टमार्गे पर्यायी वाट ठेवावी लागते. याहून गंभीर बाब अशी, की हे नाव टंकलिखित करता येते. बंद केलेल्या यंत्राचे नाव स्विच व साठवण यंत्राच्या याद्यांत तसेच राहिले, तर ते नाव धारण करणाऱ्या दुसऱ्या यंत्रास ती डिस्क खुली होऊ शकते.

निष्कर्ष :
आभासी पोर्टमुळे ओळख यंत्रापासून सुटून नोंदीत आली. जमिनीप्रमाणेच येथेही हक्काची सुरक्षितता वेळेवर होणाऱ्या फेरफारावर अवलंबून आहे. म्हणून पोर्ट निर्माण करण्याइतकेच त्याची नोंद रद्द करणे हेही व्यवस्थापनाचे आद्य कर्तव्य ठरते.